दोन सारख्या, एक वेगळी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप चिकटतात. आमच्याकडे तर मसाल्याची पूडही चिकटते. तुर्भ्याच्या एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात नोकरी केली की संध्याकाळी घरी गेल्यावर शेजारणीचं मांजरसुद्धा शिंकतं. त्यातून मी बसते लॅबमध्ये. लोक तिथे आपली ठाम मतं घेऊन येतात आणि जाताना छत्रीसारखी विसरून जातात. ती सगळी माझ्याकडे साठलीत. कुणी चहाला भेटलं की मी एक सांगायला घेते आणि समोरच्याचा चहा गार होतो. तेव्हा तुम्ही आधी चहा पिऊन घ्या.

लॅब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं आमच्याकडे काहीही नाही. रंगीत धूर नाही, बुडबुडे नाहीत. एक ओटा आहे, गॅस आहे, आणि ओट्याच्या पलीकडे एक माणूस मावेल अशी लहान लहान खोकी केलेली आहेत. खोक्यात लाल दिवा, म्हणजे मसाल्याचा रंग दिसू नये. माणूस आत बसला की छोट्या खिडकीतून त्याला तीन वाट्या द्यायच्या. पातळ पेजेत कालवलेला मसाला. दोन वाट्यांत एकच, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी कोणती, एवढंच सांगायचं. कळलं नाही तरी कुठल्या तरी एकीवर बोट ठेवावंच लागतं. वाट्यांवर नंबर असतात आणि कुठला नंबर कशाचा हे फक्त मला ठाऊक असतं. वाट्या देणाऱ्यालासुद्धा सांगत नाहीत, कारण माणसाचा चेहरा फार चहाडखोर असतो.

बघायला आलेले पाहुणे हिरमुसतात. 'एवढंच?' म्हणतात. हो, एवढंच. पण या एवढ्याशापुढे भल्याभल्यांना घाम फुटलेला मी पाहिलाय, आणि तेव्हा पेज तिखटही नव्हती.

लॅब चालवतात शुभदा मॅडम. मूळच्या सांगलीच्या, डॉक्टरेट केलेल्या, आवाज कधी चढत नाही. त्यांचा एक नियम आहे. कुणी काहीही छातीठोकपणे म्हणालं की ते तपासायचं. पण तपासण्याआधी त्या माणसानं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, 'असं असं झालं तर मी हरलो.' हे आधी सांगायचं, निकाल बघून नाही. मॅडमचं म्हणणं असं, की जे कधी हरूच शकत नाही ते फार सुंदर असेल, पवित्रही असेल, पण त्याला आमच्या ओट्यावर जागा नाही. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही घरी एकदा करून बघा, आणि मग जेवायला काय मिळालं ते मला कळवा.

आणि पहिल्या खोक्यात बसतात तांडेलकाका. करावे गावचे कोळी. जिरं किती भाजलंय हे ते पोतं उघडायच्या आधी सांगतात, आणि चुकलं तर दोष पोत्याला देतात. नम्रपणा हा पदार्थ त्यांनी चाखलेला नाही. पण या नाकासाठी माणसानं जन्मात तंबाखू खाल्ली नाही, अत्तर लावलं नाही, लग्नातसुद्धा नाही. गावात त्यांना 'नाकवाले तांडेल' म्हणतात आणि ते मान ताठ करून ऐकतात. पॅनेलची, म्हणजे चाखणाऱ्यांची, खुर्ची मात्र आमच्याकडे कुणालाच आंदण दिलेली नाही. दर वर्षी सगळ्यांची परीक्षा होते, त्याच तीन वाट्यांची, फेरीमागून फेरी. नापास झालात की गोदामात बदली, पोत्यांवर चिठ्ठ्या लावायला. यंदा काकांची खुर्ची धोक्यात आली, आणि मला सांगायचंय ते खरं तेच. पण त्याआधीचे नमुने चाखल्याशिवाय त्याची चव कळायची नाही.

* * *

सुरुवात मालकांपासून करू, पगार तेच देतात. पाटीलशेठ इथलेच. वाडवडलांची भातशेती होती, ती शहराखाली गेली, आणि शेठ मसाल्यात उतरले. त्यांचा एक सिद्धांत आहे.

"डंकावर कुटलेला मसाला नि मशीनवर दललेला मसाला, जमीन-अस्मानाचा फरक हाय. माज्या आयशीला इचारा."

आईंना विचारता येत नव्हतं, त्या कधीच वारल्या. म्हणून मॅडमनी शेठनाच विचारलं, "कधी हरलात म्हणायचं?"

शेठनी इकडेतिकडे बघितलं. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. "मी?" म्हणाले. मग सगळे बघतायत म्हटल्यावर छाती काढून म्हणाले, "मना डंकाचा नाय वलखला तं हरलो."

नाही ओळखला. बाहेर येऊन म्हणाले, "खोक्यान बसून कलत नाय. चव लाजते. पाटावर बसून जेवलं तं कलेल."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये पाट मांडला, केळीचं पान घातलं, पानावर तीन वाट्या. नाही ओळखला. "आज पोट भरलेलं व्हतं." मग उपाशीपोटी. नाही ओळखला. "उपाशी मानसाला सगलंच ग्वाड लागतं."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेठ, पुढच्या वेळेला काय सांगणार ते आजच सांगून ठेवा, म्हणजे वाट्या धुवायचे कष्ट वाचतील."

लोखंडी मुसळांचा तो जुना डंक अजून आहे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतात. पाकिटावर सोनेरी अक्षरांत 'डंकावर कुटलेला' असं लिहिलेलं असतं आणि आतला मसाला मशीनवरचा असतो. शेठ म्हणतात, फरक कळत नाही तर काय बिघडलं? म्हणजे बघा, आमच्या संशोधनाचा उपयोग अगदीच झाला नाही असं नाही.

* * *

मार्केटिंगला कुणाल आहे. वाशीत राहतो आणि बोलताना हातानं हवेत स्लाइड सरकवतो. त्यानं फिश मसाला 'रीलाँच' करायचा ठरवला. एका मॉलमध्ये दोन टेबलं मांडली. एका टेबलावर पाटी 'जुना', दुसऱ्यावर पाटी 'नवा, सुधारित'. लोकांनी चाखलं आणि नव्याला डोक्यावर घेतलं. कुणाल तो डेटा घेऊन नाचतच लॅबमध्ये आला.

मॅडमनी विचारलं, "लोकांनी मसाला खाल्ला की पाटी?"

कुणाल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्याच टीमला बोलावलं. दोन पातेली, दोन पाट्या. टीमनं पाट्या वाचल्या आणि मग डोळे मिटून चाखलं. एक म्हणाला, नव्यात डेप्थ आहे. दुसरा म्हणाला, जुना थोडा फ्लॅट वाटतो. एक मुलगी तर म्हणाली, जुन्यानं घशाशी येतं, नव्यानं नाही, मी गॅरंटी देते.

मग मॅडमनी सांगितलं की दोन्ही पातेल्यांत जुनाच आहे. एकाच टोपातून ओतलाय.

टीमनं आपापले फोन काढले आणि त्यात डोकं घातलं. सगळ्यांत आधी सावरला तो कुणाल. "मॅडम, पण म्हणजे बघा ना, पाटी काय जबरदस्त वर्क करते!" आणि त्यानं त्याच आठवड्यात पाटीसाठी जास्त बजेट मागितलं. मिळालंही. कधी हरलो म्हणायचं हे मॅडम त्या दिवशी विचारायला विसरल्या होत्या. असल्या माणसाला ते नंतर विचारून काही फायदा नसतो.

* * *

तांडेलकाकांचा सिद्धांत याहून खारट. "भरतीच्या येलेला भाजलेला मसाला जास्त घमघमतो. खाडीवरना खारा वारा येतो, तो त्याच्यान मुरतो. माजा बाप सांगतो."

आम्ही हसलो. मॅडमनी आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं की आम्ही ओटा पुसायला लागलो. "हसल्यानं काय सिद्ध होतं? तपासू की," त्या म्हणाल्या.

काकांनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजून भरतीची वेळ सांगितली. एक घाणा भरतीला भाजला, एक ओहोटीला. पॅनेलला फरक कळला नाही. काकांनाही नाही.

"त्या दिशी भांग व्हता," काका म्हणाले. अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात. "पुनवेच्या उधानाला करून बगा."

कुणाल माझ्या कानात म्हणाला, "चला, काका पण शेठच्या लाइनवर."

मॅडमनी विचारलं, "उधाणाला करू, काका. आणि त्यानंतर?"

काका मान वाकडी करून खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "मंग वारा, पाऊस, चांद, कायपन आडवं नाय घालनार. नाय कललं तं बापाचं चुकलं."

पुनवेला त्यांनी स्वतः भाजला आणि स्वतः खोक्यात बसले. नंबर अर्थात मी टाकले होते. नाही ओळखता आला. बाहेर आले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चुकलं. पन बापाला कोनी सांगू नका. त्याचं वय झालंय."

मॅडमनी त्या दिवशी काकांना स्वतः चहा करून दिला. शेठना दिलेला मी बघितलेला नाही.

* * *

आता दुसऱ्यांचं इतकं सांगितल्यावर घरचं झाकून ठेवणं बरं नाही. आम्ही उलव्याला राहतो, कारण आमच्या ह्यांचा एक सिद्धांत आहे. उलव्यात घर घेतलं की भाव दुप्पट होणार. कधी? एअरपोर्ट झालं की. एअरपोर्टचं काम रखडलं तेव्हा हे म्हणाले, रखडलंय म्हणूनच आपल्याला स्वस्त मिळालं. एअरपोर्ट झालं. आता डोक्यावरून विमानं जातात, आणि हे म्हणतात, नुसत्या विमानानं काय होतं, मेट्रो येऊ दे.

एकदा डबे खाताना मी हे लॅबमध्ये सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "लावा फोन त्यांना. नियम सगळ्यांना सारखा." मी फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. भाव दुप्पट होणार हे चुकलं, असं तुम्ही कधी म्हणाल?"

ह्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "विकताना कमी मिळाला तर."

"आणि विकणार कधी?"

"दुप्पट झाला की."

मॅडमनी हात जोडले, फोनवर ते दिसत नव्हतं तरी. मला म्हणाल्या, "वैशाली, याला तोड नाही. हा माणूस शेठच्याही पुढचा आहे." मी मान डोलावली. मी तर यांच्या घरात राहते, तेही कर्ज फेडत.

* * *

मधे एक सूटवाला मशीन घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक नाक. हे मशीन हुंगतं आणि मसाल्याची प्रत सांगतं, माणसांची गरज नाही. हे वाक्य तो पॅनेलच्या तोंडावर बोलला, त्याचं धाडस मला आवडलं. स्वतःच्या पेटीतल्या बाटल्या त्यानं एकेक करून मशीनला हुंगवल्या. मशीननं एकूणएक बरोबर ओळखल्या. शेठ खुर्चीच्या कडेवर येऊन बसले.

मॅडम म्हणाल्या, "छान. आता आमच्या वाट्या."

त्यातल्या एका वाटीत नुसती पेज होती. मसाल्याचा कणही नाही. मशीननं ती हुंगली, विचार केला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'गरम मसाला, उत्तम प्रत.'

सूटवाला घसा खाकरून म्हणाला, "मॅम, इट इज स्टिल लर्निंग."

तांडेलकाका खोक्यातूनच बोलले, "शिकतंय तं शालेन घाला. नोकरीला कशाला आनलं?"

शेठनी ते मशीन घेतलं. लॅबसाठी नव्हे, रिसेप्शनसाठी. पाहुण्यांवर छाप पडते. परवा शेठचे व्याही कौतुकानं त्याच्यावर वाकून बघत होते, तर मशीननं त्यांनाही उत्तम प्रत दिली. व्याही इतके खूश झाले की आता येताजाता वाकतात.

* * *

तुम्ही म्हणाल, मॅडम स्वतः कधी सापडल्या की नाही? सापडल्या.

हळदीचा माल आला होता. चार ठिकाणचे नमुने. मॅडम सहज बोलून गेल्या, "सांगलीची हळद मी झोपेतसुद्धा ओळखेन."

सगळी लॅब हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायला लागली. तांडेलकाकांनी तर खुर्ची वळवून घेतली. "मॅडम," ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "कंदी हरल्यात म्हनायचं?"

मॅडम लाल झाल्या, पण नियम त्यांचाच. "एकदा जरी चुकले तर हरले," म्हणाल्या आणि पदर खोचून खोक्यात गेल्या. मी नंबर टाकले. पहिल्याच फेरीत त्यांनी सांगली म्हणून दुसऱ्याच गावाच्या हळदीवर बोट ठेवलं.

बाहेर येऊन त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हरले. शुभदा.' आणि दिवसभर ते पुसू दिलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना बघते तर त्यांच्या पर्समध्ये हळदीची पुडी. सांगलीहून कुरियरनं आलेली. मी म्हटलं, "अहो मॅडम, काल तर सिद्ध झालं की तुम्हाला फरक कळत नाही."

"हो, झालं," त्या म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणतेय? पण भाजीत घालायची ती हीच. ते ज्ञान नाही गं, ते माहेर आहे. ते ओट्यावर आणायचं नसतं."

* * *

तर आता काका.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप आला. महिनाभर घरी होते. परत आले तेव्हा वाळले होते, पण बोलणं तेच, तोरा तोच. मग एकदा गॅसवर धणे करपले. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून धावलो. काका त्या कढईच्या शेजारीच पेपर वाचत बसले होते. आम्हाला बघून दचकले आणि म्हणाले, "मना वाटलं, तुमी मुद्दाम करता."

त्यानंतर मी बघायला लागले. नमुना आला की काका आधी आमच्या तोंडाकडे बघायचे. कुणी नाक मुरडलं की मग म्हणायचे, "बराबर, माल जुना हाय." सगळ्यांना कळलं होतं. ज्या लॅबनं शेठच्या आईला सोडलं नाही, माझ्या नवऱ्याला सोडलं नाही, दारच्या मशीनला साधी पेज पाजली, त्या लॅबमध्ये काकांना कुणी काही विचारलं नाही. हा पक्षपात होता. मला त्याची जराही लाज वाटत नाही.

पण वार्षिक परीक्षा काही चुकत नाही. ती सगळ्यांचीच असते. आदल्या दिवशी कुणाल मला गाठून म्हणाला, "वैशाली, नंबर तूच टाकतेस ना? काकांना हळूच सांग ना यार. गोदामात गेले तर तो माणूस खलास होईल. गावात काय सांगणार, नाकवाले तांडेल चिठ्ठ्या लावतात?" सांगायचं माझ्या मनात नव्हतं असं नाही, पण काका तो सगळा आठवडा माझ्याकडे बघायचंच टाळत होते. नजरच देईना त्या माणसाला सांगणार कसं?

परीक्षा झाली. मी निकाल लावला आणि पुन्हा तपासला. काका पास. अगदी काठावर, पण पास. मी ओरडतच बाहेर आले. कुणालनं शिट्टी मारली. शेठनी पेढे पाठवले.

काकांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवला. मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, परत घ्या."

"काय परत घेऊ?"

"परीक्षा. मना येक पन वाटी वेगली लागली नाय. बोट ठेवावंच लागतं म्हनून ठेवलं. लागलं ते नशिबान."

मॅडम टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. ते सारखेच होते.

"काका, निकाल लागलाय," त्या म्हणाल्या. "पास म्हणजे पास. घरी जाऊन आराम करा."

इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. इतकं अडाणी वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं आवडलंही नव्हतं.

काका जागचे हलले नाहीत. "शेठ असा नशिबान पास झाला असता, तं तुमी येकदाच घेतली असती?"

काकांनी मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि शेठनी काढली होती तशी छाती काढून मोठ्यानं म्हणाले, "उद्या नाय कललं तं मी गोदामान. सगल्यांनी आयकलं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्याआधी हजर होत्या. "नंबर आज मी टाकते," म्हणाल्या. "एकच फेरी घेऊ. तू बाहेर बस." हे काम माझ्याकडून त्यांनी आजवर कधी काढून घेतलं नव्हतं. मी बाहेर बसले. पण चष्मा ओट्यावर राहिला होता, तो घ्यायला आत गेले.

मॅडम तीन वाट्यांपुढे उभ्या होत्या. हातात लवंगी मिरचीच्या पुडीचा चमचा, शिगोशीग भरलेला, आणि तो त्या तिसऱ्या वाटीत रिकामा करत होत्या.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. तिखटाचा नाकाशी संबंध नाही. चवीशीसुद्धा नाही. ती नुसती आग असते. ज्याचं नाक पार गेलंय त्यालाही मिरची कळते, तान्ह्या पोरालाही कळते. लाल दिव्यात रंग दिसत नाही, पण तोंडात घातल्यावर ती वाटी वेगळी आहे हे न कळणारा माणूस या भूतलावर नाही.

मॅडमनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. मी चष्मा उचलला. त्यांनी बरणीतून आणखी अर्धा चमचा घेतला आणि तोही घातला.

काका खोक्यात जाऊन बसले. पहिली वाटी गेली. काही नाही. दुसरी गेली. काही नाही. कुणालनं नखं खायला सुरुवात केली. मग तिसरी गेली, आणि खोक्यातून असा ठसका आला की पलीकडच्या खिडकीवरचं कबूतर उडालं. पुन्हा ठसका. पाण्याचा ग्लास लवंडल्याचा आवाज. कुणालला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यानं माझा हात घट्ट धरला. "कळलं! काकांना कळलं!" तो म्हणाला. मॅडम डोळे मिटून उभ्या होत्या.

काका बाहेर आले. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक वाहतंय, कपाळावर घाम, ओठ सुजल्यासारखे लाल. खांद्यावरच्या रुमालानं त्यांनी तोंड पुसलं. पुन्हा ठसका लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी उभ्या उभ्या संपवलं आणि ग्लास नीट ओट्यावर ठेवला.

"सांगा काका," मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच. "कुठली वेगळी?"

काकांनी ओल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"तिन्ही सारक्याच, मॅडम," ते म्हणाले. "मना कायच फरक कलला नाय."